बाळाच्या अंगावरचा डाग : आईला दोष नको, आणि सरसकट 'आपोआप जाईल'ही नको

बाळ जन्मलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत घरातली सगळी मंडळी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात. नाक कुणावर गेलंय, कान कुणासारखे आहेत, याचा निकाल लागतो. त्यातच कुणाला तरी कमरेवरचा निळसर चट्टा दिसतो, पापणीवरचा लालसर डाग दिसतो, नाहीतर मांडीवरचा चहाच्या रंगाचा ठिपका. मग चौकशी सुरू होते आणि बहुतेक घरांत ती डॉक्टरांकडे न होता बाळंतिणीकडे होते. "ग्रहणात बाहेर पडली होतीस का गं?" "एखादा डोहाळा राहून गेला का?" "त्या लोहाच्या गोळ्या घेत होतीस, त्यामुळेच झालं असणार."

अशा डागांबद्दल मला दोन गोष्टी ठामपणे सांगायच्या आहेत. पहिली, हा डाग आईच्या कुठल्याही चुकीमुळे आलेला नाही, तेव्हा ही चौकशी बंद करा. दुसरी, बहुतेक जन्मखुणा निरुपद्रवी असतात हे खरं असलं तरी काहींमध्ये पहिले दोन-तीन महिने फार मोलाचे असतात. तिथे "राहू दे, मोठं झालं की जाईल" हा सल्ला महागात पडतो. म्हणून कोणता डाग कुठल्या गटातला, हे आईवडिलांना कळायला हवं.

आईचा काय संबंध?

आईला जबाबदार धरण्याची सवय फक्त आपलीच नाही. स्पॅनिश भाषेत जन्मखुणेला 'आन्तोहो' म्हणतात आणि इटालियन भाषेत 'व्होल्या'. दोन्ही शब्दांचा दुसरा अर्थ आहे डोहाळा, खाण्याची तीव्र इच्छा. जर्मन भाषेत 'मुटरमाल', म्हणजे शब्दशः आईची खूण. जगभर माणसांना डागाचं कारण हवं होतं, विज्ञान हाताशी नव्हतं आणि आई समोरच होती.

आता आपल्याला जास्त माहिती आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात मणक्याजवळच्या भागातून निघून सगळ्या त्वचेत पसरतात. त्या प्रवासात काही पेशी मध्येच खोलवर थांबल्या, तर तिथे निळसर चट्टा दिसतो. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या एखाद्या जागी जास्त रुंद राहिल्या, तर लाल डाग दिसतो. चेहऱ्यावर कायम राहणारा गडद लाल डाग, ज्याला आम्ही पोर्ट वाइन स्टेन म्हणतो, त्याचं मूळ 2013 साली सापडलं. गर्भ वाढत असताना त्याच्या एखाद्या पेशीतल्या 'जीएनएक्यू' नावाच्या जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून तयार झालेल्या भागातच डाग उमटतो. हा बदल आईकडून आलेला नसतो, वडिलांकडूनही नाही. ग्रहणात भाजी चिरल्यामुळे किंवा चिंच खायची राहून गेल्यामुळे जनुकं बदलत नाहीत.

हा प्रश्न फक्त गैरसमजाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं किंवा त्याला डाग पडतात, या भीतीने अनेक गर्भवती त्या गोळ्या गुपचूप बंद करतात. त्यातून रक्तक्षय वाढतो आणि बाळंतपणात आईच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय नुकतीच बाळंत झालेली बाई आधीच थकलेली, अपुऱ्या झोपेची, रडू गळ्याशी आलेली असते. तिला "तुझ्यामुळे झालं" असं ऐकवणं हा तिच्यावर अन्याय आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळून टाका. आणि बाळाच्या बाबांनो, ते कुणी बोललंच, तर तुम्ही मध्ये पडा.

निर्धास्त राहावं असे डाग

सगळ्यात जास्त दिसतो तो निळसर-करडा चट्टा, कमरेवर, ढुंगणावर, कधी पाठीवर किंवा खांद्यावर. याला मंगोलियन स्पॉट हे जुनं नाव आहे. जपानमध्ये काम करणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांनी 1885 साली त्याचं वर्णन केलं. आपल्याकडच्या बाळांमध्ये तो इतका सर्रास आढळतो की मी त्याला आजार म्हणणारच नाही. रंग खोलवर असल्यामुळे तो वरून निळा दिसतो, जशा हातावरच्या शिरा निळसर दिसतात. दाबल्यावर दुखत नाही. पहिल्या काही वर्षांत तो फिका होत जातो. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचा गेलेला असतो, थोड्यांचा राहतो आणि त्याने काही बिघडत नाही. फक्त असे चट्टे खूपच पसरलेले, गडद आणि पोटा-छातीवरही असतील, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, कारण क्वचित काही आनुवंशिक आजारांमध्ये असं दिसतं.

दुसरा नेहमीचा डाग म्हणजे सॅमन पॅच. पापण्यांवर, दोन भुवयांच्या मध्ये किंवा मानेच्या मागे केसांच्या रेषेजवळ फिकट गुलाबी-लाल डाग दिसतो. बाळ रडलं की तो लालबुंद होतो, शांत झालं की फिका पडतो. पापण्यांवरचा आणि कपाळावरचा डाग सहसा वर्ष-दोन वर्षांत जातो. मानेवरचा बऱ्याच जणांना आयुष्यभर राहतो, पण केसांखाली झाकलेला असतो. याला औषध लागत नाही.

चहा-कॉफीच्या रंगाचे सपाट डाग एक-दोन असतील तर काळजी नको. जन्मतः असलेला, कडा स्पष्ट असलेला, फिकट पांढरा एखादा डाग पाहून "कोड आहे की काय" या भीतीने घर हादरतं. जन्मतः असलेला असा डाग सहसा कोड नसतो, कारण कोड बहुधा नंतरच्या वयात सुरू होतं. एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. असे पांढरे डाग तीन किंवा जास्त असतील, तर मात्र नीट तपासणी हवी.

इथे वाट पाहू नका

आता दुसरा गट. यातला पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित, म्हणजे हिमॅन्जिओमा. हा रक्तवाहिन्यांचा फुगवटा असतो. जन्माच्या वेळी तो दिसतच नाही, किंवा एखादा फिकट डाग, ओरखडा, लालसर ठिपका एवढाच दिसतो. दोन-तीन आठवड्यांत तिथे चकचकीत लाल रंग येतो आणि मग तो भराभर वाढू लागतो. सगळ्यात वेगाने वाढतो तो साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात, आणि त्याची बहुतेक वाढ पाचव्या महिन्यापर्यंत झालेली असते. त्यानंतर तो काही वर्षं हळूहळू ओसरतो. मुलींमध्ये, वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये तो जास्त दिसतो.

"आपोआप जातो" हे याच डागाबद्दल सर्वात जास्त सांगितलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. पाठीवरचा, पोटावरचा लहानसा हिमॅन्जिओमा खरोखर काही न करता जातो. पण पापणीवरचा गोळा डोळ्यावर दाब देत असेल, तर त्या डोळ्याची नजर तयार होण्याच्या काळातच अधू होते. नंतर गोळा गेला तरी नजर पूर्ण परत येईलच असं नाही. नाकाच्या शेंड्यावरचा किंवा ओठावरचा गोळा जाताना आकार बिघडवून जातो, सैल त्वचा आणि व्रण मागे ठेवतो. ओठांवर किंवा लंगोटाच्या जागी तो फुटून जखम होते, बाळाला ती प्रचंड दुखते. हनुवटी, जबडा आणि गळ्याच्या भागात, दाढीच्या जागी, पसरलेला हिमॅन्जिओमा असेल तर आत श्वासनलिकेतही असू शकतो. बाळाचा आवाज घोगरा झाला, श्वास घेताना घरघर होऊ लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चेहऱ्याचा किंवा डोक्याचा मोठा भाग व्यापलेला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासावे लागतात. अंगावर पाच किंवा जास्त हिमॅन्जिओमा असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

यावर आता चांगलं औषध आहे. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी एका बाळाच्या हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनं, स्वस्त औषध दिलं आणि त्याचा हिमॅन्जिओमा झपाट्याने फिका पडून मऊ झालेला त्यांना दिसला. 2014 साली अमेरिकेत या औषधाला या वापरासाठी मान्यता मिळाली. त्याआधी मुख्यतः स्टिरॉइड द्यावं लागे आणि त्याचे दुष्परिणाम बाळाला भोगावे लागत. प्रोप्रॅनोलॉल सहसा किमान सहा महिने द्यावं लागतं. मात्र ते घरच्या घरी सुरू करायचं औषध नव्हे. त्याने रक्तातली साखर उतरू शकते, नाडी मंदावू शकते, छातीत घरघर होऊ शकते. म्हणून ते नेहमी दूध पाजताना द्यायचं. बाळ दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. लहान, वरवरच्या डागांना टिमोलॉलचे थेंब वरून लावूनही भागतं, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. हे सगळं वाढीच्या काळात सुरू झालं तरच पुरेपूर फायदा होतो. सहाव्या महिन्यात आणलेल्या बाळासाठी आम्ही काहीतरी करू शकतो, पण दुसऱ्या महिन्यात आणलं असतं तर बरंच जास्त करता आलं असतं.

दुसरा डाग पोर्ट वाइन स्टेन. सुरुवातीला तो सॅमन पॅचसारखाच दिसतो, पण सहसा चेहऱ्याच्या एका बाजूला असतो आणि फिका पडत नाही. बाळाबरोबर तोही वाढतो, पुढे गडद आणि जाड होतो. तो कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब वाढण्याचा म्हणजे काचबिंदूचा, आणि काही बाळांना झटके येण्याचा धोका असतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच हवी. या डागावर पल्स्ड डाय लेझरचा उपयोग होतो. लवकर सुरू केलं तर परिणाम चांगला मिळतो, मात्र अनेक वेळा करावं लागतं आणि डाग पूर्ण जाईलच याची हमी कुणी देऊ नये.

तिसरा, जन्मतः असलेला काळा-तपकिरी तीळ किंवा चट्टा. लहान असा तीळ साधारण शंभरात एका बाळाला असतो आणि त्याचा धोका फार कमी असतो. पण तळहातापेक्षा मोठा, केसाळ किंवा पाठ-पोट व्यापणारा असेल, किंवा मोठ्याबरोबर छोटे-छोटे अनेक असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे नियमित जायला हवं, कारण अशा मोठ्या चट्ट्यांत पुढे कर्करोगाची शक्यता असते.

चौथा, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठे, चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग. हे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं.

पाचवा, कमरेच्या खाली बरोबर मध्यरेषेवर असलेला लाल डाग, केसांचा झुपका, गाठ किंवा खोल खळगा. इथे वर त्वचा आणि खाली मज्जारज्जू असतो. आत काही दोष आहे का, हे पाहण्यासाठी सोनोग्राफी पहिल्या काही महिन्यांतच सोपी जाते, कारण तोपर्यंत मणक्याची हाडं पूर्ण टणक झालेली नसतात.

मोक्याच्या भेटी

तुमच्या लक्षात येईल की हिमॅन्जिओमा वाढण्याचा काळ आणि आपल्या लसीकरणाच्या तारखा एकमेकांना अगदी जुळतात. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस द्यायला नेतोच. पण त्या दिवशी काय होतं? बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असतं, बाहेर रांग असते, एक मांडी उघडी करतात, सुई टोचतात आणि मंडळी घरी. माझं म्हणणं असं आहे की त्या भेटीत बाळाचे सगळे कपडे काढून एकदा पाठ-पोट-मान-डोकं बघायलाच हवं. एखादं मिनिट लागतं. डॉक्टरांनी ते स्वतःहून करावं, आणि नाही केलं तर तुम्ही सांगावं, "डॉक्टर, जरा हा डाग बघता का?" गावात आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांनाही दाखवा.

रुग्णालयातून घरी सोडतानाही एवढीच अपेक्षा आहे. बाळाच्या अंगावर डाग असेल तर तो कोणता, त्याचं पुढे काय होईल आणि पुन्हा कधी दाखवायचा, हे कागदावर लिहून मिळालं पाहिजे. नुसतं "काही नाही हो" हे उत्तर पुरेसं नाही, कारण आईच्या मनातली शंका त्याने जात नाही. ती शंका शेजारच्या काकूंकडे जाते आणि तिथून घरगुती उपाय सुरू होतात.

तुम्ही घरी करायचं ते साधं आहे. डागाचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. पहिले तीन महिने दर आठवड्याला, उजेडात, तसाच फोटो काढा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. डाग वाढतोय का? तो डोळा, नाक, ओठ, गळा, लंगोटाची जागा किंवा कमरेची मध्यरेषा यांपैकी कुठे आहे का? संख्या जास्त आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढच्या लसीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. डाग फुटून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा आणि मग डॉक्टरांकडे निघा.

घासून डाग जात नाही

डाळीचं पीठ, साय, हळद लावून डाग चोळणं बऱ्याच घरांत चालतं. डागाचा रंग त्वचेच्या आत असतो, तो घासून जात नाही. नवजात बाळाची त्वचा मात्र सोलवटते आणि तिथून जंतुसंसर्ग आत शिरतो. चुना, झाडपाल्याचे रस यांनी भाजल्यासारखी जखम होते आणि जो डाग आपोआप गेला असता त्याच्या जागी कायमचा व्रण राहतो. मेडिकलमधून आणलेल्या, रंग उजळवणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ती बाळाला लावूच नका. मालिश करणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा की डागावर जोर द्यायचा नाही.

परदेशात असाल तर

आपली कितीतरी मुलं-सुना आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, युरोपात राहतात आणि नातवंडं तिकडेच जन्मतात. निळसर चट्टा तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचा नसतो. पाळणाघरातल्या कर्मचाऱ्याला तो माराचा वळ वाटू शकतो. रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावरचा वळ तिथे फार गांभीर्याने घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे निष्कारण चौकशीला सामोरं जावं लागू नये, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्याच तपासणीत हे चट्टे कुठे-कुठे आहेत याची नोंद करून घ्या. इंग्लंडमध्ये बाळाचं लाल पुस्तक मिळतं, त्यात लिहून घ्या. मुका मार काही दिवसांत हिरवट-पिवळा होऊन जातो, हा चट्टा महिनोन् महिने तसाच राहतो, हा दोन्हींतला साधा फरक आहे.

डाग राहिलाच तर

काही डाग राहतात. सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा लाल डाग सगळ्या जगाने पाहिला. आपल्याकडे मात्र डाग मुलीच्या चेहऱ्यावर असला की पाळण्यातच तिच्या लग्नाची काळजी सुरू होते. "मुलीची जात आहे, काहीतरी करा डॉक्टर," असं सांगितलं जातं. उपचार शक्य असेल तिथे तो जरूर करू, मुलीसाठी आणि मुलासाठी सारखाच. पण तिच्यासमोर तिच्या डागाबद्दल हळहळू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्द कळतात आणि शब्दांमागचा सूरही कळतो. घरात डाग झाकायची, फोटोत ती बाजू लपवायची सवय असेल, तर मूल शाळेत जाण्याआधीच लाजायला शिकतं. त्याला एक सरळ उत्तर शिकवून ठेवा: "ही माझी जन्मखूण आहे, दुखत नाही." शाळेत कुणी विचारलं तर तेवढं पुरतं.

आज रात्री बाळाला झोपवण्याआधी चांगल्या उजेडात त्याला एकदा पाठीपोटी नीट बघा. काही दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि उद्या आम्हाला विचारा. आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईला आजच सांगा की यात तिची काहीही चूक नाही.